दुसऱ्या सर्व्हरवरचा ईजेबी बोलावताना: नाव, रस्ता, ओळख आणि क्लास

जोडणीकार

एका सर्व्हरवर बिलिंगचं अ‍ॅप आहे, दुसऱ्यावर साठ्याचं, आणि बिलिंगच्या कोडमधून साठ्याचा ईजेबी (सर्व्हरवर चालणारा जावाचा घटक, थोडक्यात बीन) बोलवायचाय. याची उत्तरं इथे निरनिराळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरली आहेत, म्हणून एका जागी मांडतो. वाइल्डफ्लाय हा जावाचा सर्व्हर धरून लिहितोय. वेबस्फिअर, ग्लासफिश, वेबलॉजिक जाणणाऱ्यांनी खाली भर घालावी.

कॉल पडला की चार गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या. बीनचं नाव बरोबर आहे का? त्या सर्व्हरपर्यंत रस्ता आहे का? तिथे आपली ओळख पटते का? आणि तारेवरून जाणारे क्लास दोन्ही बाजूंना आहेत का? दोष बहुतेक वेळा यांतल्या एकातच असतो. चारही एकदम बदलत बसलं, तर शेवटी कॉल चालला तरी कशामुळे चालला ते कळत नाही.

आधी साठ्याची बाजू. बीनला रिमोट इंटरफेस हवा, म्हणजे इंटरफेसवर किंवा बीनवर @रिमोट. नुसता @लोकल असेल किंवा इंटरफेसच नसेल, तर तो बीन त्या जेव्हीएमच्या (चालू जावा प्रोसेसच्या) बाहेर कुणालाच दिसत नाही, कितीही नावं बदलून पाहिली तरी. हा इंटरफेस, त्यातले डीटीओ (नुसती माहिती वाहून नेणारे साधे क्लास) आणि त्याने फेकायचे एक्सेप्शन एका वेगळ्या छोट्या जारमध्ये काढा, समजा साठा-एपीआय.जार. बीनचा खरा कोड साठा-ईजेबी.जारमध्ये, आणि दोन्ही साठा.ईएआरमध्ये (सगळे जार एकत्र बांधलेली फाइल).

डिप्लॉय केल्यावर सर्व्हर लॉगमध्ये डब्ल्यूएफएलवायईजेबी०४७३ शोधा. त्याखाली त्या बीनची सगळी जेएनडीआय नावं (ज्यांनी कोड तो बीन शोधतो) छापलेली असतात: जावा:ग्लोबल, जावा:अ‍ॅप, जावा:मॉड्यूल, जावा:जेबॉस/एक्स्पोर्टेड, आणि नव्या आवृत्त्यांत ईजेबी: ने सुरू होणारंही. बाहेरून बोलावण्यासाठी एक्स्पोर्टेड ओळ दिसायलाच हवी. ती नसेल तर बीन रिमोट नाही आणि पुढचं काही करून उपयोग नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

साठ्याच्या सर्व्हरवर अ‍ॅड-यूजर स्क्रिप्टने एक वापरकर्ता बनवा. -ए पर्याय द्या, म्हणजे तो अ‍ॅप्लिकेशन रिअल्ममध्ये जातो. हा पर्याय विसरला तर तो मॅनेजमेंट रिअल्ममध्ये जातो. ९९९० च्या कन्सोलवर लॉगिन होतं आणि ईजेबी कॉल मात्र ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ म्हणून परत येतो. सर्व्हर सुरू करताना -बी ने पत्ता द्या, नाहीतर तो १२७.०.०.१ वरच ऐकत बसतो.

आता बिलिंगची बाजू. सीएलआयमधून (सर्व्हरच्या कमांड लाइनमधून) पहिल्या तीन आणि अ‍ॅपमध्ये चौथी, अशा चार गोष्टी करायच्या:

१. स्टँडर्ड-सॉकेट्स गटात रिमोट-डेस्टिनेशन-आउटबाउंड-सॉकेट-बाइंडिंग जोडा. त्यात साठ्याचा होस्ट आणि पोर्ट ८०८०.
२. एलिट्रॉनमध्ये (वाइल्डफ्लायच्या सुरक्षेच्या सबसिस्टिममध्ये) ऑथेंटिकेशन-कॉन्फिगरेशन बनवा: वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड. पासवर्ड साध्या अक्षरांत न ठेवता क्रेडेन्शियल-स्टोअरमधून घ्या. मग त्याकडे बोट दाखवणारा मॅच-रूल घेऊन ऑथेंटिकेशन-कॉन्टेक्स्ट बनवा.
३. रिमोटिंग सबसिस्टिममध्ये रिमोट-आउटबाउंड-कनेक्शन जोडा. समजा नाव साठा-जोडणी. त्याला वरची सॉकेट-बाइंडिंग आणि ऑथेंटिकेशन-कॉन्टेक्स्ट द्या.
४. बिलिंगच्या अ‍ॅपमध्ये जेबॉस-ईजेबी-क्लायंट.एक्सएमएल ठेवा. त्यात क्लायंट-कॉन्टेक्स्ट, त्यात ईजेबी-रिसीव्हर्स, त्यात रिमोटिंग-ईजेबी-रिसीव्हर, आणि त्याच्या आउटबाउंड-कनेक्शन-रेफमध्ये साठा-जोडणी.

ही फाइल ईएआरच्या सर्वांत वरच्या मेटा-इन्फमध्ये, किंवा नुसता वॉर (वेब अ‍ॅपची फाइल) असेल तर वेब-इन्फमध्ये ठेवायची. ईएआरच्या आतल्या वॉरमध्ये ठेवली तर ती वाचलीच जात नाही. जेबॉस-ईजेबी-क्लायंट.प्रॉपर्टीज ही फाइल सुट्या जावा प्रोग्रॅमसाठी आहे. सर्व्हरच्या आत चालणाऱ्या अ‍ॅपमध्ये ती ठेवून काही होत नाही.

लुकअपचं नाव असं: ईजेबी:साठा/साठा-ईजेबी//साठासेवाबीन!कॉम.दुकान.साठा.साठासेवा. ते @ईजेबीच्या लुकअपमध्ये देता येतं किंवा साध्या इनिशियलकॉन्टेक्स्टने शोधता येतं. होस्ट-पोर्ट कोडमध्ये कुठेच येत नाही, आणि या पद्धतीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. चाचणीतून प्रॉडक्शनला जाताना कोड तोच राहतो, फक्त सर्व्हरची जोडणी बदलते.

मधली_ओळ

नावाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण खरं घोडं पेंड खातं ते तिथेच.

ईजेबी: नंतरचे भाग क्रमाने असे: अ‍ॅप, मॉड्यूल, डिस्टिंक्ट नाव, बीन, उद्गारचिन्ह, इंटरफेसचं पॅकेजसकट पूर्ण नाव. डिस्टिंक्ट नाव रिकामं असतं म्हणून मध्ये दोन तिरक्या रेघा येतात. बीन ईएआरमध्ये नसून नुसत्या जार किंवा वॉरमध्ये असेल तर अ‍ॅपचा भागही रिकामा, म्हणजे ईजेबी: नंतर लगेच तिरकी रेघ. तिथे उगाच जारचं नाव दोनदा लिहिलेलं बऱ्याचदा दिसतं.

अ‍ॅपचं नाव म्हणजे ईएआर फाइलचं नाव, विस्तार वगळून. बिल्डने फाइलचं नाव साठा-२.३.१.ईएआर केलं की अ‍ॅपचं नाव साठा-२.३.१ होतं, आणि पुढच्या रिलीजला सगळे कॉलर बंद. म्हणून अ‍ॅप्लिकेशन.एक्सएमएलमध्ये अ‍ॅप्लिकेशन-नेम आणि ईजेबी-जार.एक्सएमएलमध्ये मॉड्यूल-नेम ठरवून टाका. हे दोन्ही जावा ईई ६ पासून, म्हणजे २००९ पासून, प्रमाणात आहेत.

स्टेटफुल बीन (दोन कॉलांमध्ये स्थिती लक्षात ठेवणारा; स्टेटलेस ठेवत नाही) असेल तर नावाच्या शेवटी ?स्टेटफुल लावायचं. त्याचं सत्र लुकअपच्या क्षणीच तयार होतं, त्यामुळे नाव चुकलं तर लुकअपलाच कळतं. स्टेटलेसचा लुकअप मात्र चुकीच्या नावालाही प्रॉक्सी देतो! चूक पहिल्या मेथड कॉलला बाहेर येते. ‘लुकअप झालं म्हणजे जोडणी झाली’ असं धरून चालू नका.

पारिजात२३

वरच्याप्रमाणे सगळं केलं. दोन्ही सर्व्हर एकाच मशीनवर, दुसऱ्याला पोर्ट-ऑफसेट १०० (म्हणजे ८१८०) देऊन चालवले तेव्हा कॉल व्यवस्थित झाला. साठा वेगळ्या मशीनवर हलवला आणि ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’. पासवर्ड तोच आहे, अक्षर न अक्षर तपासला. एकदा ‘फेल्ड टु रीड सर्व्हर चॅलेंज’ अशीही ओळ दिसली. हे काय आहे?

लॉगवाचक

@पारिजात२३, ती ओळच उत्तर आहे. एकाच मशीनवर तुमचा पासवर्ड वापरलाच गेला नव्हता.

वाइल्डफ्लायमध्ये जेबॉस-लोकल-यूजर नावाची ओळख पटवण्याची एक पद्धत आहे. सर्व्हर आपल्या टेंप/ऑथ फोल्डरमध्ये एक छोटी फाइल लिहितो आणि समोरच्याला म्हणतो, ही वाच आणि आत काय आहे ते सांग. समोरचा प्रोग्रॅम त्याच मशीनवर असेल आणि त्याला फाइल वाचण्याची परवानगी असेल तर ओळख पटली, पासवर्ड नको. मशीन वेगळं झालं की ती फाइल तिथे नसतेच, म्हणून ‘चॅलेंज वाचता आलं नाही’. एकाच मशीनवर दोन सर्व्हर दोन वेगळ्या लिनक्स वापरकर्त्यांनी चालवले तरीही हेच होतं.

त्यानंतर क्लायंट पुढची पद्धत, बहुधा डायजेस्ट-एमडी५, करून बघतो, आणि तिथे तुमचं नाव-पासवर्ड पोहोचत नाहीये. म्हणजे तुमचा ऑथेंटिकेशन-कॉन्टेक्स्ट आउटबाउंड-कनेक्शनला जोडलेला नाही, किंवा मॅच-रूलमध्ये कॉन्फिगरेशनचं नाव चुकलंय. साठ्याच्या बाजूला ऑर्ग.वाइल्डफ्लाय.सिक्युरिटीचा लॉग ट्रेसवर टाका. कोणत्या नावाने प्रयत्न होतोय ते दिसेल. बहुतेक ‘अनॉनिमस’ किंवा ‘$लोकल’ असेल.

पारिजात२३

बरोबर. मॅच-रूलमध्ये कॉन्फिगरेशनचं जुनं नाव राहिलं होतं. आता चालतंय. पण साठ्याच्या बीनमध्ये गेटकॉलरप्रिन्सिपल केलं की नेहमी जोडणीचाच वापरकर्ता येतो. बिलिंगमध्ये लॉगिन केलेला माणूस तिथे हवाय, ऑडिटसाठी.

लॉगवाचक

जसं मांडलंय तसं ते बरोबरच आहे. जोडणी एका वापरकर्त्याने उघडली, म्हणून त्यावरचा प्रत्येक कॉल त्याच नावाने जातो.

मूळ माणसाची ओळख पुढे न्यायची असेल तर ऑथेंटिकेशन-कॉन्फिगरेशनमध्ये सिक्युरिटी-डोमेन हा गुणधर्म द्या. बिलिंगच्या अ‍ॅपचं जे डोमेन आहे ते. फॉरवर्डिंग-मोड दोन प्रकारचा असतो. ‘ऑथेंटिकेशन’मध्ये माणसाचा पासवर्डच पुढे जातो, त्यासाठी तो बिलिंगकडे उपलब्ध हवा. ‘ऑथरायझेशन’मध्ये बिलिंगचा सर्व्हर स्वतःच्या खात्याने ओळख पटवतो आणि म्हणतो, हा कॉल अमक्याच्या वतीने. दुसरा घ्या. त्यासाठी साठ्याच्या बाजूला त्या खात्याला रनअ‍ॅजप्रिन्सिपलपरमिशन द्यावी लागते. ती सरसकट सगळ्या वापरकर्त्यांना देऊ नका, फक्त सर्व्हरच्या खात्याला. आणि तो मूळ माणूस साठ्याच्या रिअल्ममध्येही असायला हवा.

टेहळणी

धाग्यात अजून न आलेली एक गोष्ट. बिलिंगच्या सर्व्हरवर साठ्याची जुनी प्रत डिप्लॉय राहिलेली असेल तर कॉल बाहेर जातच नाही. ईजेबी क्लायंट आधी आपल्याच घरात बघतो, तिथे त्याच अ‍ॅप-मॉड्यूल-बीन नावाचा बीन सापडला की तोच वापरतो. चूक कुठेच येत नाही, फक्त आकडे जुने येतात. जुनी प्रत काढा, किंवा ईजेबी-रिसीव्हर्सवर एक्सक्लूड-लोकल-रिसीव्हर ट्रू करा.

दोन वेगवेगळ्या सर्व्हरवर एकाच नावाची अ‍ॅप्स मुद्दाम ठेवायची असतील, उदाहरणार्थ दोन शाखांचा साठा, तर डिस्टिंक्ट नाव हे नेमकं त्याचसाठी आहे. जेबॉस-अ‍ॅप.एक्सएमएल किंवा जेबॉस-ईजेबी३.एक्सएमएलमध्ये ते ठरवता येतं. मग लुकअपमधली ती दोन रेघांमधली जागा भरायची.

शिवाय जेबॉस.नोड.नेम प्रत्येक सर्व्हरला वेगळं द्या. ते मूळ होस्टनेमवरून येतं. एकाच व्हीएमची प्रत काढून दुसरा सर्व्हर केला की दोघांचं नाव सारखं राहतं, आणि क्लायंटला वाटतं की हे आपणच.

शून्यप्रहर

ट्रान्झॅक्शनबद्दल लिहितो, कारण ईजेबी रिमोट घेण्याचं सर्वांत मोठं कारण तेच असतं आणि काळजी मात्र सर्वांत कमी तिथेच घेतली जाते.

बिलिंगच्या मेथडमध्ये जेटीए (सर्व्हरने सांभाळलेलं) ट्रान्झॅक्शन चालू असताना साठ्याचा बीन बोलावला तर ते ट्रान्झॅक्शन कॉलबरोबर पलीकडे जातं. साठ्याच्या मेथडचा गुणधर्म रिक्वायर्ड असेल, आणि काही न लिहिल्यास तोच असतो, तर ती त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सामील होते. बिलिंगने कमिट केलं की दोन्ही डेटाबेसांत टू-फेज कमिट (आधी दोघांची तयारी, मग दोघांचं कमिट) होतं. दोन्हीकडचे डेटासोर्स एक्सए (अशा सामायिक कमिटमध्ये भाग घेऊ शकणारे) असायला हवेत. साधा डेटासोर्स असेल तर बाकी सगळं ठीक दिसतं आणि नेमकं बिघाडाच्या वेळी एक बाजू कमिट, दुसरी रोलबॅक.

ट्रान्झॅक्शन सबसिस्टिमचा नोड-आयडेंटिफायर मुळात ‘१’ असतो. सर्व्हर सुरू होताना डब्ल्यूएफएलवायटीएक्स००१३ ही सूचना त्याबद्दलच असते, आणि ती बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं तशीच पडलेली दिसते. दोन्ही सर्व्हर ‘१’ असले तर क्रॅशनंतर एकाचा रिकव्हरी मॅनेजर दुसऱ्याचे अर्धवट एक्सए व्यवहार आपले समजून रोलबॅक करू शकतो. प्रत्येकाला वेगळी किंमत द्या, २३ बाइटांच्या आत. हे पर्यायी मानू नका.

कंटेनरमध्ये चालवत असाल तर सर्व्हरचं डेटा फोल्डर टिकाऊ व्हॉल्यूमवर ठेवा. ट्रान्झॅक्शनचा ऑब्जेक्ट स्टोअर त्यात असतो. कंटेनर गेला आणि तो गेला, तर प्रिपेअर झालेल्या व्यवहारांचं काय करायचं हे सांगणारं कुणी उरत नाही, आणि डेटाबेसात कुलपं अडकून राहतात.

वेळमर्यादा दोन वेगळ्या आहेत. ट्रान्झॅक्शनची मुळात ३०० सेकंद. ईजेबी कॉलची वेगळी, क्लायंट-कॉन्टेक्स्टच्या इन्व्होकेशन-टाइमआउटमध्ये, मिलिसेकंदांत. दुसरी संपली तर बिलिंगला एक्सेप्शन मिळतं, पण साठ्याच्या सर्व्हरवरचं काम थांबत नाही, ते चालूच राहतं. म्हणून टाइमआउट आल्यावर तीच मेथड पुन्हा बोलावण्याआधी विचार करा: तिचा गुणधर्म रिक्वायर्स-न्यू असेल तर पहिलं काम कमिट झालेलं असू शकतं आणि साठा दोनदा वजा होईल. अशा मेथडला व्यवहार-क्रमांक पॅरामीटर म्हणून द्या आणि साठ्याच्या टेबलवर तो युनिक ठेवा.

@असिंक्रोनस मेथडबरोबर ट्रान्झॅक्शन जात नाही. प्रमाणच तसं सांगतं. सुरक्षेची ओळख जाते, ट्रान्झॅक्शन नाही.

कोकणकडा

क्लासांचा मुद्दा. जोडणीकारांनी एपीआय जार वेगळा काढायला सांगितलंय, तो का ते सांगतो.

साठ्याच्या मेथडने थेट जेपीए एन्टिटी (डेटाबेसच्या ओळीचा ऑब्जेक्ट) परत केली तर तिच्या यादीच्या जागी खरं म्हणजे हायबरनेट या जेपीए लायब्ररीची पर्सिस्टंटबॅग असते. ती तारेवरून जाते, आणि बिलिंगकडे हायबरनेट नसेल किंवा वेगळ्या आवृत्तीचं असेल तर क्लासनॉटफाउंड नाहीतर इनव्हॅलिडक्लास. हायबरनेट असलं तरी लेझी यादीला हात लावताच लेझीइनिशियलायझेशनएक्सेप्शन, कारण सेशन पलीकडच्या सर्व्हरवर कधीच बंद झालंय. डीटीओ करा, त्यात साधी अ‍ॅरेलिस्ट भरा.

प्रत्येक डीटीओत सीरियलव्हर्जनयूआयडी स्वतः लिहा. न लिहिल्यास कंपायलर क्लासच्या रचनेवरून आकडा काढतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो चालू असताना काढला जातो. एक पब्लिक मेथड वाढवली तरी तो बदलतो आणि दोन बाजूंचे जार जुळेनासे होतात. आकडा लिहिलेला असेल तर नवीन फील्ड वाढवणं चालतं. जुन्या बाजूला ते फील्ड दिसत नाही, नव्या बाजूला ते नल येतं. फील्डचा प्रकार बदलणं मात्र चालत नाही.

एक्सेप्शनचं सगळ्यांत चिडवणारं. साठ्याच्या आत ओरॅकलच्या ड्रायव्हरचं एक्सेप्शन आलं, ते ईजेबीएक्सेप्शनच्या आत कारण म्हणून गुंडाळलं गेलं आणि बिलिंगकडे निघालं. बिलिंगकडे तो ड्रायव्हर नाही. तिथे लॉगमध्ये येतं ते क्लासनॉटफाउंड, आणि मूळ चूक गायब. म्हणून साठ्याच्या सीमेवरच पकडा, पूर्ण स्टॅक तिथेच लॉग करा, आणि एपीआय जारमधलं स्वतःचं @अ‍ॅप्लिकेशनएक्सेप्शन फेका, ज्यात फक्त मजकूर आणि कोड असेल. रोलबॅक=ट्रू द्यायला विसरू नका, नाहीतर ट्रान्झॅक्शन आपोआप मागे जाणार नाही.

जोडणीकार

@कोकणकडा, सीमेवर पकडण्यासाठी प्रत्येक मेथडमध्ये ट्राय-कॅच लिहिण्यापेक्षा एक इंटरसेप्टर लावावा असं मी सुचवेन. एकदाच लिहायचा, आणि नवीन मेथडमध्ये विसरला जात नाही.

सातवा_मजला

वेबस्फिअरचं. पारंपरिक ८.५ आणि ९ साठी लिहितोय, लिबर्टीसाठी नाही.

तिथे रस्ता आयआयओपीचा, म्हणजे कॉर्बाच्या प्रोटोकॉलचा आहे. प्रोव्हायडर यूआरएल: कॉर्बालोक:आयआयओपी:होस्ट:२८०९. पण २८०९ हे सुट्या सर्व्हरचं बूटस्ट्रॅप पोर्ट आहे. नेटवर्क डिप्लॉयमेंटमध्ये २८०९ वर नोड एजंट बसतो, आणि अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर ९८१० पासून पुढे. नोड एजंटला विचारलं तर छोटं नाव सापडणार नाही, पूर्ण वंशावळ द्यावी लागते: सेल/नोड्स/नोडचं नाव/सर्व्हर्स/सर्व्हरचं नाव/ आणि मग बीन. क्लस्टर असेल तर सेल/क्लस्टर्स/क्लस्टरचं नाव/. एकापेक्षा जास्त बूटस्ट्रॅप पत्ते स्वल्पविरामाने देता येतात, म्हणजे एक सर्व्हर बंद असला तरी लुकअप होतो.

ईजेबी ३ च्या रिमोट इंटरफेसचं आपोआप मिळणारं नाव म्हणजे त्याचं पूर्ण पॅकेजनाव. एकाच इंटरफेसचे दोन बीन असतील तर हे छोटं नाव संदिग्ध होतं आणि अ‍ॅम्बिग्युअसईजेबीरेफरन्स येतं. मग बाइंडिंग फाइलमध्ये नाव स्वतः द्या.

वेगळ्या सेलमधला (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या सर्व्हरांच्या दुसऱ्या गटातला) सर्व्हर असेल तर एलटीपीए किल्ल्या (वेबस्फिअरच्या ओळख-टोकनच्या) एका सेलमधून एक्स्पोर्ट करून दुसऱ्यात इम्पोर्ट कराव्या लागतात, आणि दोन्हीकडचं रिअल्मचं नाव जुळावं लागतं किंवा विश्वासातल्या यादीत घालावं लागतं. किल्ल्या आपोआप बदलत राहण्याची सोय चालू असेल तर काही आठवड्यांनी कॉल अचानक पडतात. ती सोय बंद ठेवा, बदल ठरवून दोन्हीकडे करा.

फायरवॉलमध्ये फक्त बूटस्ट्रॅप पोर्ट उघडून भागत नाही. लुकअपनंतरचा खरा कॉल ओआरबी (आयआयओपीचे कॉल हाताळणारा भाग) लिसनर पोर्टवर जातो, आणि सुरक्षा चालू असेल तर सीएसआयव्ही२ (आयआयओपीवरची सुरक्षा) च्या पोर्टांवर. ओआरबी लिसनर पोर्ट ० असेल तर सर्व्हर प्रत्येक वेळी वेगळं पोर्ट निवडतो. ते ठरावीक करा, मगच नेटवर्कच्या मंडळींना नियम द्या.

आगरी_बंदर

ग्लासफिश आणि पायारातही आयआयओपीच, पोर्ट ३७००. दुसऱ्या सर्व्हरवरून बोलवायचं तर ग्लासफिश-वेब.एक्सएमएल किंवा ग्लासफिश-ईजेबी-जार.एक्सएमएलमधल्या ईजेबी-रेफला जेएनडीआय नाव द्या: कॉर्बानेम:आयआयओपी:होस्ट:३७००#जावा:ग्लोबल/साठा/साठा-ईजेबी/साठासेवाबीन!पूर्ण इंटरफेस नाव. सुट्या क्लायंटसाठी जीएफ-क्लायंट.जार. ती एकटी कॉपी करून नेऊ नका. तिच्या मॅनिफेस्टमध्ये ग्लासफिशच्या मॉड्यूल फोल्डरातल्या इतर जारचे सापेक्ष पत्ते आहेत, त्यामुळे जागा बदलली की क्लास सापडत नाहीत.

आयआयओपीतला मोठा खड्डा: सर्व्हर जो संदर्भ देतो त्यात स्वतःचा पत्ता कोरलेला असतो. सर्व्हर नॅटच्या (पत्ता बदलणाऱ्या राउटरच्या) मागे असेल, किंवा त्याच्या होस्ट्स फाइलमध्ये स्वतःचं नाव १२७.०.०.१ ला बांधलेलं असेल, तर लुकअप यशस्वी होतो आणि पहिल्या कॉलला क्लायंट स्वतःच्याच मशीनवर साठा शोधायला जातो. आयआयओपी-लिसनरला बाहेरून पोहोचता येईल असा पत्ता स्पष्ट द्या.

आणि जावा ११ मध्ये, २०१८ साली, कॉर्बाचे मॉड्यूल जेडीकेतून काढले गेले. सर्व्हर आपला ओआरबी सोबत आणतात, पण जुना सुटा क्लायंट जावा ८ वरून ११ वर नेला की ऑर्ग.ओएमजी.कॉर्बाचे क्लास सापडत नाहीत आणि पोर्टेबलरिमोटऑब्जेक्टही नाही.

पारिजात२३

साठ्याच्या पुढे आता एनजिनएक्स हा प्रॉक्सी बसवलाय. ब्राउझरमधून पान उघडतं, पण ईजेबी कॉलला ‘इनव्हॅलिड रिस्पॉन्स कोड’ येतं. पोर्ट तर उघडं आहे?

टेहळणी

पोर्ट उघडं आहे, पण अपग्रेड मध्येच गळतंय. रिमोट+एचटीटीपी म्हणजे आधी साधी एचटीटीपी विनंती, तिच्यात ‘अपग्रेड: जेबॉस-रिमोटिंग’ असं हेडर, आणि सर्व्हरने १०१ दिल्यावर तीच जोडणी रिमोटिंगची होते. प्रॉक्सीने हेडर पुढे दिलं नाही तर सर्व्हरला ती साधी विनंती वाटते, तो २०० किंवा ४०४ देतो, आणि क्लायंट तिथेच थांबतो. म्हणून तपासताना कर्लने पान आलं यावर विसंबू नका.

दोन वाटा आहेत. एकतर प्रॉक्सी टाळून बिलिंगमधून थेट साठ्याच्या ८०८० ला जा. किंवा ईजेबी ओव्हर एचटीटीपी वापरा, ते वाइल्डफ्लाय ११ पासून आहे: पत्ता एचटीटीपी://होस्ट:८०८०/वाइल्डफ्लाय-सर्व्हिसेस. यात प्रत्येक कॉल ही खरीखुरी एचटीटीपी विनंती असते, त्यामुळे लोड बॅलन्सर तिला समजतो. मात्र स्टेटफुल बीन किंवा ट्रान्झॅक्शन असेल तर एकाच नोडकडे जाण्यासाठी स्टिकी सेशन लागतंच, कुकीवर आधारलेलं.

थेट गेलात आणि साठा क्लस्टरमध्ये, तोही कंटेनरमध्ये असेल, तर पुढचा अडथळा आत्ताच सांगतो. पहिला कॉल होतो, त्याच्या उत्तराबरोबर क्लस्टरच्या सगळ्या नोडांचे पत्ते येतात, आणि ते कंटेनरचे आतले पत्ते असतात, १७२ ने सुरू होणारे. दुसऱ्या-तिसऱ्या कॉलपासून टाइमआउट. साठ्याच्या एचटीटीपी सॉकेट-बाइंडिंगला क्लायंट-मॅपिंग द्या, त्यात बाहेरचा डेस्टिनेशन-पत्ता आणि पोर्ट.

निवांत_दुपार

एवढा खटाटोप करण्यापेक्षा रेस्ट (साध्या एचटीटीपी विनंत्या) का नको? प्रामाणिकपणे विचारतोय.

शून्यप्रहर

@निवांत_दुपार, दोन अ‍ॅपना एका ट्रान्झॅक्शनची गरज नसेल आणि पलीकडची बाजू जावाचीच असेल याची खात्री नसेल, तर रेस्टच घ्या. ईजेबी रिमोटची किंमत म्हणजे दोन्ही बाजू एकाच एपीआय जारला आणि बऱ्याच अंशी एकाच सर्व्हरजातीला बांधल्या जातात. वाइल्डफ्लायमधून वेबस्फिअरला थेट कॉल हे कागदावर आयआयओपीने जमतं. मी तरी ते नव्याने कुणाला सुचवणार नाही.

पण चालू यंत्रणेत दोन डेटाबेसांचा व्यवहार एका कमिटवर उभा असेल, तर रेस्ट करताना तो व्यवहार तोडून उलट-नोंदीची रचना नव्याने लिहावी लागते. ते काम मोठं आहे. ते न करता नुसतं रेस्ट केलं तर साठा वजा आणि बिल नाही, अशा नोंदी उरतील.

कशानेही बोलावलं तरी मेथड जाड ठेवा. बिलाच्या ४० ओळींसाठी ४० कॉल नकोत, ओळींची यादी देऊन एकच कॉल. एकाच जेव्हीएममध्ये लिहिलेला कोड तसाच वेगळ्या सर्व्हरवर हलवला की मंद होतो तो बहुधा याचमुळे.

कोकणकडा

सुरक्षेचं. या सगळ्या पोर्टांवर समोरून आलेले बाइट उलगडून ऑब्जेक्ट बनवले जातात. २०१५ मध्ये वेबलॉजिकच्या टी३ या प्रोटोकॉलमधला सीव्हीई-२०१५-४८५२ हा दोष नेमका त्यातूनच आला: क्लासपाथवर कॉमन्स कलेक्शन्स होतं आणि लॉगिनशिवाय सर्व्हरवर कोड चालवता येत होता. म्हणून ईजेबीचं पोर्ट फक्त बिलिंगच्या सर्व्हरच्या आयपींना उघडं ठेवा. वेबलॉजिकमध्ये कनेक्शन फिल्टर आहे: ठरावीक आयपींना टी३ आणि टी३एसची परवानगी, मग शेवटच्या ओळीत बाकी सगळ्यांना नकार. ओळींचा क्रम महत्त्वाचा, पहिली जुळणारी ओळ लागू होते.

मशीनांमधलं जाळं पूर्ण आपलं नसेल तर टीएलएसही: वाइल्डफ्लायमध्ये रिमोट+एचटीटीपीएस, पोर्ट ८४४३, आणि ऑथेंटिकेशन-कॉन्टेक्स्टच्या मॅच-रूलमध्ये एसएसएल-कॉन्टेक्स्ट.

मधली_ओळ

आवृत्त्या बदलताना: वाइल्डफ्लाय २५ मध्ये, २०२१ साली, जुने सिक्युरिटी-रिअल्म काढून टाकले. आउटबाउंड-कनेक्शनवर थेट यूजरनेम आणि सिक्युरिटी-रिअल्म लिहिलेली जुनी कॉन्फिगरेशन तिथे चालत नाही, वर दिलेली एलिट्रॉनची पद्धतच लागते. २७ मध्ये जावाएक्सचं जकार्ता झालं. साठा-एपीआय.जारमध्ये जावाएक्स.ईजेबीचं काही, अगदी एखादं अ‍ॅनोटेशन जरी असलं, तरी एकच जार दोन्हीकडे नीट चालणार नाही. एपीआय जारमधून ती अवलंबनं काढा: @रिमोट इंटरफेसवर न लिहिता बीनवर लिहा, एक्सेप्शनचं @अ‍ॅप्लिकेशनएक्सेप्शन ईजेबी-जार.एक्सएमएलमध्ये हलवा. मग इंटरफेस आणि डीटीओ नुसते जावाचे उरतात आणि दोन्ही सर्व्हर वेगवेगळ्या दिवशी बदलता येतात.

पारिजात२३

क्लायंट-मॅपिंग दिलं, नोड-आयडेंटिफायर दोन्हीकडे वेगळे केले, प्रॉक्सी टाळून थेट ८०८०. तिन्ही नोडांवर कॉल जातायत, आणि एक नोड बंद केला तरी पुढचा कॉल दुसऱ्याकडे जातो. @रिमोट बीनवर हलवण्याचं काम पुढच्या रिलीजमध्ये घेतोय.